खिळे, कात्री आणि नियम 48

1975 साली मीनू मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा त्यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्य मागितलं नाही. मागून उपयोगच नव्हता. आणीबाणी असली की राज्यघटनेच्या कलम 358 मुळे कलम 19 चं कवच गळून पडायचं, आणि ते तर 1971 च्या डिसेंबरपासूनच गळालेलं होतं. बांगलादेश युद्धाच्या वेळी लावलेली आणीबाणी कुणी उठवलीच नव्हती. 25 जून 1975 च्या रात्री तिच्यावर दुसरी चढवण्यात आली, एवढंच. मसानींनी मागितलं ते फार कोरडं होतं. सेन्सॉर ज्या हुकुमाखाली माझा मजकूर कापतो आहे, तो हुकूम त्याला एवढा अधिकार देतो का, हे तपासा, असं त्यांचं म्हणणं.

मसानी तेव्हा सत्तरीला टेकलेले. 1943 साली मुंबईचे महापौर, पुढे घटना समितीचे सदस्य, राजाजींबरोबर स्वतंत्र पक्ष उभारणारे आणि 1971 च्या निवडणुकीत तो पक्ष भुईसपाट होताना पाहिलेले. हातात उरलं होतं ‘फ्रीडम फर्स्ट’ हे 1952 मध्ये मुंबईत सुरू झालेलं छोटं इंग्रजी मासिक. त्याच्या ऑगस्ट 1975 च्या अंकासाठी पाठवलेल्या मजकुरापैकी 11 मजकूर सेन्सॉरने नापास केले. मुंबईतले विशेष प्रसिद्धी सल्लागार बिनोद राव हे स्वतः वृत्तपत्रसृष्टीतून आलेले गृहस्थ. नापास झालेल्या मजकुरात रणगाड्यांच्या हालचाली नव्हत्या की गोदीतल्या जहाजांची यादी नव्हती. होती ती मतं.

मसानींचे वकील होते सोली सोराबजी. त्यांनी बोट ठेवलं ते ‘भारत संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षा नियमां’तल्या नियम 48 वर. 26 जूनचा सेन्सॉरचा हुकूम याच नियमाखाली निघालेला होता. हा नियम सरकारला मजकूर रोखण्याचा अधिकार देतो खरा, पण देताना हेतूही सांगतो: देशाचं संरक्षण, नागरी संरक्षण, सार्वजनिक सुरक्षितता, सुव्यवस्था, लष्करी कारवाया नीट पार पडणं. सरकारची अडचण होऊ नये, पंतप्रधानांवर टीका होऊ नये, असा हेतू त्या यादीत नाही. म्हणजे सेन्सॉरची कात्री कायद्यानेच आखलेल्या रेघेबाहेर गेली होती. सरकारी बाजूचं म्हणणं असं की, सेन्सॉरचं समाधान झालं की झालं. न्यायालयाने त्यात डोकावायचं कारण नाही, आणि अशा वेळी हा अर्ज मुळात ऐकताच येत नाही.

एकल न्यायाधीशांनी मसानींच्या बाजूने निकाल दिला. सरकार अपिलात गेलं. न्यायमूर्ती दि. पि. मदन आणि न्यायमूर्ती म. हि. कानिया यांच्या खंडपीठाने 10 फेब्रुवारी 1976 रोजी निकाल दिला, तोही मसानींच्या बाजूने. मदन यांचं नाव महाराष्ट्राला आधीच ठाऊक होतं. 1970 च्या भिवंडी-जळगाव-महाड दंगलींची चौकशी त्यांच्याच आयोगाने केली होती. कानिया पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’च्या 78 व्या खंडात हा निकाल आहे. कायद्याचा विद्यार्थी नसलेल्यानेही तो एकदा सावकाश वाचावा. न्यायमूर्तींनी स्पष्ट म्हटलं की, सगळ्या नियतकालिकांनी एकाच रांगेत चालावं, एकाच सुरात बोलावं, अशी व्यवस्था लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे. टीकेची भाषा कडक आहे, एवढ्यावरून मजकूर अडवता येत नाही. सेन्सॉरची नेमणूक लोकशाहीची शुश्रूषा करायला झाली आहे, तिची कबर खणायला नव्हे, असंही त्यांनी सुनावलं.

हे सगळं केव्हाचं, ते लक्षात घ्यायला हवं. 8 जानेवारी 1976 रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम 19 साठी न्यायालयात जाण्याचा मार्गही बंद झाला होता. निकालानंतर अडीच महिन्यांनी, 28 एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं की, आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्या माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. त्या चार जणांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती खन्नांचं. सर्वोच्च न्यायालय ज्या काळात मागे सरकलं, त्याच काळात उच्च न्यायालयं टिच्चून उभी होती, हे आपण फारसं सांगत नाही. खन्नांचं नाव घेतो आणि थांबतो.

मुंबईतच त्याआधी आणखी एक प्रकरण घडलं होतं. आणीबाणीत नागरी स्वातंत्र्यांचं काय, याची चर्चा करायला वकिलांनी जिना हॉलमध्ये खाजगी सभा ठरवली. वक्ते होते मो. क. छागला आणि ज. छो. शहा. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर व गाडगीळ यांनी तो हुकूम रद्द केला. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती असताना छागलांनीच 1956 साली उच्च न्यायालयात लोकमान्यांच्या स्मरणार्थ शिलालेख बसवला. 1908 साली सात विरुद्ध दोन ज्यूरींच्या मतावर टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, ती त्याच इमारतीत. शिक्षा देणारे न्यायमूर्ती दावर 1897 च्या खटल्यात टिळकांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिलेले. एकाच दगडी इमारतीत संपादकाला शिक्षाही होते आणि सुटकाही. फरक पडतो तो त्या दिवशी खुर्चीवर कोण बसलं आहे याने, असं म्हणायचा मोह होतो. पण तेवढं खरं नाही. टिळकांपाशी ‘केसरी’ होता आणि छापखानाही होता. मसानींपाशी छापखाना नव्हता.

आणीबाणीतल्या पत्रकारितेची गोष्ट आपण मोठ्या दैनिकांच्या अंगाने सांगतो. 28 जूनला ‘इंडियन एक्सप्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली, ही आठवण सगळ्यांना आहे. पुढे सेन्सॉरने कोरी जागा सोडायलाही मनाई केली. मोठी दैनिकं लवकर वाकली, त्यामागे भित्रेपणाखेरीज हिशेबही होता. न्यूजप्रिंट बहुतांशी परदेशातून यायचा आणि त्याचा कोटा ठरवायचं सरकार. सरकारी जाहिराती, बँकांची कर्जं, मालकांचे गिरण्या-कारखान्यांचे दुसरे धंदे, हे सगळं त्याच हातात. ज्या संपादकाच्या मागे शंभर माणसांचे पगार आणि मालकाचे परवाने उभे असतात, त्याला शूर व्हायचं तर मालकाची परवानगी लागते.

लहान नियतकालिकांपाशी यातलं काहीच नव्हतं. कोटा नगण्य, जाहिराती जवळजवळ नाहीतच. वर्गणीदार तेवढे होते आणि वर्गणीदाराची सरकारला यादी करता आली तरी त्याचा परवाना रद्द करता येत नव्हता. म्हणून मला वाटतं, त्या एकोणीस महिन्यांत संपादकपणाचा खरा कस लागला तो या हजार-दोन हजार प्रती काढणाऱ्या माणसांचा. पण त्यांचीही एक नस सरकारच्या बोटाखाली होती: छापखाना. अंक दुसऱ्याच्या मुद्रणालयात छापून यायचा. ट्रेडलवर कार्ड, पत्रिका, हँडबिलं छापून पोट भरणारा मुद्रक. त्याच्याकडे एक हवालदार येऊन नुसता उभा राहिला, तरी पुढच्या अंकाचे फर्मे अडकायचे. मजकूर संपादकाचा, पण मशिन मुद्रकाचं आणि जप्तीही त्याच्यावरच. त्याला दोष द्यायला माझी जीभ धजत नाही.

अ. द. गोरवालांचं उदाहरण घ्या. जुने आयसीएस अधिकारी, स्वातंत्र्याच्या सुमारास नोकरी सोडलेले. 1951 साली नियोजन आयोगासाठी त्यांनी प्रशासनावर लिहिलेला अहवाल आजही अभ्यासात असतो. ‘ओपिनियन’ हे त्यांचं साप्ताहिक म्हणजे थोडक्या पानांचा, बिनचित्रांचा कागद. आणीबाणी आली तेव्हा गोरवाला पंचाहत्तरीचे होते. त्यांची भाषा फायलीवरच्या शेऱ्यासारखी, विशेषणाविना, पण तिला धार अशी की सरकारला ती सोसवेना. छापखाने एकामागून एक मिळेनासे झाले, तेव्हा त्यांनी अंक सायक्लोस्टाइलवर काढला. अखेर 1976 मध्ये ‘ओपिनियन’ बंद करण्याचा हुकूम आला. ज्या माणसाने नोकरीभर सरकारी हुकूम लिहिले, त्याच्यावर असा हुकूम बजावताना बजावणाऱ्याला काय वाटलं असेल, असा विचार मनात येऊन जातो.

‘हिंमत’ची तऱ्हा वेगळी. राजमोहन गांधींनी 1964 मध्ये मुंबईत काढलेलं हे इंग्रजी साप्ताहिक. आणीबाणीत ते चालवणारी मंडळी तरुण होती, कल्पना शर्मा त्यांतल्या प्रमुख. गांधीजींच्या नातवाच्या साप्ताहिकात गांधीजींचं अवतरण छापायलाही सेन्सॉरची धास्ती, असे ते दिवस. गांधी, टागोर, नेहरू, सगळ्यांची वचनं त्या काळात कात्रीत सापडली. ‘हिंमत’वर जामिनाची रक्कम भरण्याची नोटीस आली, मुद्रक मागे हटले. तेव्हा त्यांनी वाचकांनाच हाक दिली. वाचकांनी पैसे पाठवले आणि त्यातून साप्ताहिकाने स्वतःची छपाईची सोय उभी केली. अग्रलेख तर सगळेच लिहितात. यंत्रासाठी वर्गणी मागायचं मात्र फार थोड्यांना सुचतं.

जामिनाची रक्कम ही काही नवी कल्पना नव्हती. 1910 च्या प्रेस अ‍ॅक्टने इंग्रज सरकार छापखान्यांकडून अशीच अनामत मागायचं आणि मजकूर खटकला की ती जप्त करायचं. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात या अनामतींनी बुडालेल्या पत्रांच्या कहाण्या पानोपानी आहेत. 8 डिसेंबर 1975 रोजी ‘आक्षेपार्ह मजकूर प्रतिबंध’ वटहुकूम निघाला, पुढे त्याचा कायदा झाला, आणि त्यात ही जुनी चीज पुन्हा फळीवरून खाली काढली गेली. त्याच सुमारास प्रेस कौन्सिल बरखास्त झालं. संसदेतल्या भाषणांचं वृत्त छापणाऱ्याला संरक्षण देणारा 1956 चा कायदा रद्द झाला. हा कायदा फिरोज गांधींनी आणला होता आणि तो रद्द झाला त्यांच्या पत्नीच्या कारकिर्दीत. चार वृत्तसंस्था मोडून ‘समाचार’ ही एकच उरली.

आता पुण्याकडे वळू. शनिवार पेठेतलं ‘साधना’ साने गुरुजींनी 15 ऑगस्ट 1948 रोजी सुरू केलं. गुरुजींनंतर आचार्य जावडेकर, रावसाहेब पटवर्धन आणि मग यदुनाथ थत्ते. थत्ते हे काही आगीचे लोळ ओकणारे संपादक नव्हते. राष्ट्र सेवा दलाचे, मुलांसाठी लिहिणारे, मृदू माणूस. ‘साधना’चा वाचकही तसाच: तालुक्याच्या गावचा शाळामास्तर, सेवा दलाची कार्यकर्ती, खादी भांडारातला कारकून. ‘ओपिनियन’ला नसलेली एक गोष्ट ‘साधना’पाशी होती, ती म्हणजे स्वतःचं मुद्रणालय. त्यामुळे मुद्रकाच्या भीतीचा प्रश्न मिटला, पण सरकारला जप्तीसाठी पत्ताही शोधावा लागला नाही. छापखान्यावर जप्ती आली आणि ‘साधना’लाही न्यायालयात जावं लागलं. तिथे ‘साधना’ जिंकली. खिळे जुळवणारे जुळारी पुन्हा आपापल्या केसेससमोर उभे राहिले.

मसानी आणि ‘साधना’ परिवार यांच्यात एरवी विस्तव जात नसे. एक उजवीकडचे, खाजगी उद्योगाचे कैवारी, दुसरे समाजवादी. पण चाळीसेक वर्षं मागे गेलं तर हीच माणसं एका आवारात भेटतात. 1932-33 साली नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, मसानी, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे, एसेम जोशी असे सगळे होते. 1934 मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेस सोशलिस्ट पक्षाची जुळवाजुळव तिथल्या चर्चांतूनच झाली. पुढे वाटा फुटल्या, कटुताही आली. 1975 साली जयप्रकाश चंदीगडच्या स्थानबद्धतेतून सुटून मुंबईत जसलोक रुग्णालयात डायलिसिसवर होते, तेव्हा नाशिकच्या बराकीतले हे जुने सोबती एकाच बाजूला उभे होते. संपादक म्हणून हे लोक ताठ का राहू शकले, याचं एक उत्तर मला इथे दिसतं. यांना आपलं मत बनवायला मालक लागला नव्हता, आणि तुरुंग त्यांनी आतून पाहिलेला होता.

या चित्रात सगळंच धुतल्या तांदळासारखं मात्र नाही. मुंबईतून निघणारं ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी वैचारिक नियतकालिक निसीम इझिकेल यांनी 1955 मध्ये सुरू केलं. ते ज्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या भारतीय शाखेचं होतं, तिला अमेरिकन गुप्तहेर खात्याकडून पैसा येत होता, हे 1966-67 मध्ये उघड झालं. संपादकांना याची कल्पना नव्हती, असं मानायला जागा आहे. तरी स्वातंत्र्याच्या नावाने काढलेल्या पत्राला असा बट्टा लागावा, हे खटकतंच. पण त्याच ‘क्वेस्ट’ने 1976 मध्ये सेन्सॉरला मजकूर दाखवण्यापेक्षा प्रकाशन थांबवणं पत्करलं. 1977 मध्ये ते ‘न्यू क्वेस्ट’ म्हणून पुन्हा निघालं, आधी अ. भि. शहा आणि नंतर मे. पुं. रेगे यांच्या संपादनाखाली. ‘नवभारत’मुळे मराठी वाचकांना जवळचे असलेले रेगे इंग्रजीत कसे दिसतात, हे पाहायचं तर ‘न्यू क्वेस्ट’चे जुने अंक उघडावेत. रोमेश आणि राज थापर यांचं ‘सेमिनार’ही 1959 साली मुंबईतच जन्मलेलं. दिल्लीला गेल्यावर, जुलै 1976 मध्ये, पूर्व-सेन्सॉरशिपचा हुकूम आला तसं त्यांनीही ते थांबवलं.

अंक बंद करावा की न्यायालयात जावं, यावर त्या काळी मतभेद होते आणि आजही असू शकतात. बंद करणाऱ्याची पाटी कोरी राहते. मला मसानींचा मार्ग अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यातून एक लेखी कागद मागे राहिला. गुजरातेतही तेच घडलं. बडोद्याच्या सर्वोदयी ‘भूमिपुत्र’चे संपादक चुनीभाई वैद्य. ऑक्टोबर 1975 मध्ये अहमदाबादला नागरी स्वातंत्र्य परिषद झाली. छागला, ज. छो. शहा, तारकुंडे बोलले. ती भाषणं ‘भूमिपुत्र’ने छापली आणि छापखान्यावर जप्ती आली. गुजरात उच्च न्यायालयाने मार्च 1976 मध्ये सेन्सॉरच्या मार्गदर्शक सूचनाच बेकायदा ठरवल्या. गंमत अशी की, सेन्सॉरला बेकायदा ठरवणाऱ्या त्या निकालाची बातमी छापायलाही सेन्सॉरनेच आडकाठी केली.

छापील शब्दाला ही अडचण, की तो आधी दाखवता येतो. तोंडी शब्द दाखवता येत नाही. डिसेंबर 1975 मध्ये कराडला एकावन्नावं साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले परराष्ट्रमंत्री. त्याच मांडवात दुर्गाबाई आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला त्यांनी सांगितलं. तिथे कात्री पोहोचली नाही. पुढच्या वर्षी पोलीस पोहोचले. मुंबईत एशियाटिक ग्रंथालयातून त्यांना अटक झाली. 1975 साली दिवाळी अंकांनाही तोच सेन्सॉरचा हुकूम लागू होता. आपल्या या परंपरेचा एवढा अभिमान बाळगताना, 1975 च्या अंकांतलं काय कापलं गेलं आणि काय मुळातच लिहिलं गेलं नाही, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा निघेल, अशी माझी शंका आहे.

सोराबजींनी 1977 मध्ये या सगळ्या सेन्सॉरशिपवर पुस्तक लिहिलं. प्रेस कौन्सिल परत आलं, आक्षेपार्ह मजकुराचा कायदा गेला, संसदीय वृत्तांताच्या संरक्षणाला 44 व्या घटनादुरुस्तीने कलम 361-अ मध्ये जागा मिळाली. ‘हिंमत’ 1981 मध्ये बंद पडलं. सेन्सॉरमुळे नव्हे, पैसा पुरला नाही म्हणून. लहान नियतकालिकाचं मरण बहुतेक वेळा असंच येतं आणि त्याविरुद्ध कुठल्या न्यायालयात जाता येत नाही.

‘साधना’ चालू राहिली. 1998 पासून तिचे संपादक होते डॉ. नरेंद्र दाभोलकर. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. मे 2024 मध्ये विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची सुटका केली. सेन्सॉरला निदान कार्यालय होतं, हुकुमाचा क्रमांक होता, नियम 48 होता. मारेकऱ्याच्या कोणत्या कलमावर वाद घालणार? 2017 साली महाराष्ट्राने पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. कायदा चांगला आहे, पण तो हल्ला झाल्यावर जागा होतो.

मदन-कानिया निकालाची आठवण मला पुन्हा झाली ती 2023 मध्ये. केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून स्वतःचा सत्यता-तपासणी कक्ष नेमायची तरतूद केली. केंद्राच्या कामकाजाबद्दलचा कुठला मजकूर खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा आहे, हे तो कक्ष ठरवणार होता. विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि ‘असोसिएशन ऑफ इंडियन मॅगझिन्स’ ही नियतकालिकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी 2024 मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांची मतं विभागली. पटेलांनी नियम रद्द ठरवला, गोखल्यांनी उचलून धरला. 20 सप्टेंबर 2024 रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर पटेलांच्या बाजूने गेले आणि नियम पडला.

त्या नियमाची रचना पाहण्यासारखी होती. लिहिणाऱ्याला नोटीस जाणार नव्हती. मजकूर ज्या प्लॅटफॉर्मवर दिसतो, त्याने तो तसाच ठेवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 खालचं त्याचं संरक्षण जाणार होतं, आणि मग खटल्यांना तोंड द्यायचं ते त्याने. म्हणजे भिडायचं होतं ते पुन्हा मुद्रकालाच.